न दिलेलं चौथं पाणी

८ जानेवारी
दयाराम जींच्या शेतावर जाऊन आले. झाशीजवळच्या मोठ गावावरून आत, जिथे कालव्याचं पाणी पोचेपर्यंत दमतं तिथे. मटार वाईट आहे. पानांच्या कडा भाजल्यासारख्या, खालची पानं पिवळी, शेंगा धरल्यात पण दाबल्या की नुसती हवा. माझ्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलप्रमाणे आज ह्या शेतात उभं राहिलं तर मांडीपर्यंत हिरवं लागायला हवं होतं. घोट्याच्या थोडं वर लागलं. छापलेला आलेख पिशवीत होता. बाहेर काढला नाही.

द. जी बांधावर उकिडवे बसले होते. एवढंच म्हणाले, "ठंड खा गई होगी, मैडम जी।"
थंडीने झालेलं नाही. बांधाच्या कडेला पांढरी रेह फुटली आहे, मीठ भुरभुरल्यासारखी. ती आम्हा दोघांनाही दिसत होती आणि दोघंही दुसरीकडे बघत होतो.

संध्याकाळी संजय रेल्वेच्या शेडवरून आला, विचारलं त्याने, कसं आहे तुझं पीक? म्हटलं, ठीक. अठरा वर्षांच्या संसारात नवऱ्याशी खोटं बोलायला मटार निवडला मी.

१० जाने.
काल लिहिलं नाही. ऑक्टोबर आठवत होता.

गावात बैठक घेतली होती तेव्हा. संस्थेचा प्रोजेक्टच तो: खाऱ्या बोरच्या पाण्यावर कोणतं पीक किती येईल ते कॉम्प्युटरवर आधी पेरून बघायचं, मग शेतात. माती कशी, पाणी किती खारं, पाऊस किती, थंडी किती, सगळं भरायचं. मॉडेल एकेक दिवस पुढे सरकतं आणि रोज हिशेब करतं की मुळांना पाणी किती मिळालं आणि मीठ किती. मी हे तीन वर्षं करते आहे. झाशीत दुसरं कोणी करत नाही, आणि ही गोष्ट मी जरा जास्तच वेळा सांगते.

द. जींनी बोरचं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं, थुंकलं. म्हणाले, "जौ पानी मटर खों नईं चलहै।" मटाराला हे पाणी चालायचं नाही. गावातली माणसं तसंच करतात, बोर लागली की पाणी आधी जिभेवर.

आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "दयाराम जी, ज़बान से नहीं, मशीन से नापते हैं।" पाच-सहा जण हसले. द. जीही हसले. लॅपटॉपवर हिरवी रेघ वर चढताना दाखवली. एक पाणी कालव्याचं, दोन बोरची, एवढ्यावर मटार आरामात निघतो. मग द. जीच गावभर सांगत फिरले की कम्पूटर ने कई है, कॉम्प्युटरने सांगितलंय. ओसरीच्या भिंतीला आलेख चिकटवला त्यांनी, पिठाच्या खळीने.

ते वाक्य आता आठवलं की कान गरम होतात. साठीच्या माणसाला. चारचौघांत.

१४ जाने.
संक्रांत. तीळगुळाच्या वड्या जमल्या, ह्या वर्षी पहिली गोष्ट जमली. लेकीने, ईराने, कॉलनीत वाटल्या. "गोड बोला" म्हणायला लाजते, "हैप्पी संक्रांति आंटी" म्हणून मोकळी होते. मराठी कळते तिला सगळी, बोलायची वेळ आली की हिंदी. म्हणूनच ही वही मी मराठीत लिहिते, अक्षरं लावत बसायचा तिला कंटाळा आणि ऑफिसात तर कोणालाच वाचता येत नाही.

द. जींचा फोन आला होता. बुड़कीच्या, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या, आंघोळीला एरचला गेलेत, बेतव्याच्या घाटावरून बोलत होते, मागे गलका. "शुक्रवार को साब लोग आ रहे हैं ना? चाय-नाश्ते का क्या रखें?"
पीक गेलंय आणि हा माणूस नाश्त्याचं विचारतोय.

१७ जाने.
आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. म्हणून लिहिते.

पिकाची तपासणी समिती आली. तिघं, शिवाय आमचे डॉक्टर साहेब म्हणजे प्रोजेक्टप्रमुख, शिवाय मी. शेत बघितलं, फोटो काढले. गावचे लोक लांब उभे. साहेबांनी विचारलं, अगदी सहज, "दयाराम जी, कोई पानी ज़्यादा तो नहीं दे दिया?"

द. जींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या वहीबद्दल विचार करत होते. शाळेची रेघांची वही आहे त्यांची, तिच्यात प्रत्येक पाण्याची तारीख, मोटर किती वाजता चालू, किती वाजता बंद. डिसेंबरात ती मी स्वतः बघितली आहे, वर शाबासकी पण दिली आहे. तीन पाणी. तीनच.

ते माझ्याकडे बघत होते आणि मी खाली, मटारकडे.
मग म्हणाले, "हो सकता है साब। एक ज़्यादा हो गया होगा।"

साहेबांचा चेहरा खुलला. समितीचा जीव भांड्यात पडला. आणि माझा? माझाही पडला. तेच लिहायचं नव्हतं.

कचोरी, बुंदीचा रायता, चहा. द. जींच्या घरच्या बाईंनी मला दोन कचोऱ्या जास्त वाढल्या.

१८ जाने.
अहवालावर सही केली. "किसान द्वारा अनुशंसा से अधिक सिंचाई।" माझी सही तिसरी.

२१ जाने.
स्वतःची समजूत घालते आहे. कदाचित दिलंही असेल चौथं पाणी. वहीत लिहायचं राहिलं असेल. कदाचित मोटर चालू राहून गेली असेल. कदाचित.
काहीही. तो माणूस मोटर बंद केल्याची मिनिटं लिहितो.

२५ जाने.
सुट्टीचा दिवस, ऑफिसात गेले. मॉडेलमध्ये चौथं पाणी घातलं. बोरचं, भरपूर, डिसेंबरच्या मध्यावर. आपल्या अहवालाला आधार मिळावा म्हणून, खोटं कशाला बोलू.

मटार मेला नाही. उत्पन्न जरासं उतरलं, बस. मग पाचवं पाणी घातलं. तरी उभाच. म्हणजे ज्या मॉडेलच्या जिवावर आम्ही द. जींना चूक ठरवलं, ते मॉडेलच म्हणतंय की चौथ्या पाण्याने असं होत नाही.

मग कशाने झालं? बोरचं पाणी पुन्हा मोजलं होतं, बरोबर आहे. पाऊस बरोबर. थंडी बरोबर. राहिली माती.

२९ जाने.
सापडलं.

लॅबमध्ये गेले. लखनलाल जींचं मातीचं रजिस्टर. हे आमचे लॅब असिस्टंट, तीस वर्षं मातीच तपासतायत, निवृत्तीला आले. ऑक्टोबरचं पान काढलं. द. जींच्या शेताचे आणि शेजारच्या पाच शेतांचे नमुने. खारेपणाचे आकडे तेच जे मी मॉडेलमध्ये भरले. आणि समासात, पेन्सिलने, १:२.

पान खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचलं.

मातीतलं मीठ मोजायच्या दोन रीती. एक: मातीत थोडं थोडं पाणी घालत लगदा घोटायचा, तो चकाकायला लागला की ठेवून द्यायचा, मग पंप लावून त्यातलं पाणी ओढून मोजायचं. दीड दिवस जातो. दुसरी: एक भाग माती, दोन भाग पाणी, ढवळा, मीटर बुडवा, अर्ध्या तासात मोकळे. पण चहात पाणी ओतलं की साखर कमी लागते, तसंच इथे मीठ कमी दिसतं. काळ्या मातीत निम्म्याहूनही कमी. दुसरी रीत चूक नाही, फक्त आकडा बदलून घ्यावा लागतो. मॉडेलला लगद्याचा आकडा लागतो. मी पातळ पाण्याचा आकडा जसाच्या तसा भरला. म्हणजे कॉम्प्युटरमधली माती निम्म्याहून कमी खारी, आणि द. जींची माती आहे तेवढी.

आणि मी काय केलं? लखनलाल जींवर ओरडले. हो. रजिस्टर आपटलं. "लिखा क्यों नहीं साफ़-साफ़? पेस्ट क्यों नहीं बनाया?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला. म्हणाले, "मैडम, हमने फोन करके पूछा था। पेस्ट बनाएँ कि एक-दो कर दें। आप बस में थीं। आपने कहा, जो जल्दी हो वो कर दो, परसों गाँव की मीटिंग है।"

आठवलं. बस होती, चिरगावचा फाटा होता, बाजूच्या बाईच्या मांडीवर फुलकोबीचं पोतं होतं. सगळं आठवलं. म्हटलं होतं मी तसंच, शब्दन्‌शब्द.

माफी मागितली. ते म्हणाले, कोई बात नहीं. पण चष्मा बराच वेळ पुसत राहिले.

३० जाने.
आकडे बदलून मॉडेल चालवलं. मटार डिसेंबरातच पिवळा पडायला लागला. उंची घोट्याच्या थोडी वर. दाणा नाही. जसं शेतात आहे हुबेहूब तसं.

आणि एक क्षण, खरंच सांगते, मला आनंद झाला. मॉडेल बरोबर निघालं म्हणून. उठून पाणी प्यायले मी त्या आनंदात. ग्लास ठेवला तेव्हा डोक्यात शिरलं की आपण कशावर खूश होतो आहोत.

मॉडेल बरोबर. द. जींची जीभ बरोबर. लखनलाल जी बरोबर. उरलं कोण?

३ फेब्रुवारी
साहेबांना सांगितलं. वाटलं होतं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "रिपोर्ट तो जा चुकी है।" मग: "किसान ने ख़ुद माना है, सबके सामने।" मग: "अगले वर्ज़न में सुधार लेना।" सुधार लेना. जणू स्पेलिंग चुकलं होतं.

जायदच्या, म्हणजे उन्हाळी हंगामाच्या, मुगाचं सल्ला-पत्रक छापायला जाणार होतं, त्याच आकड्यांवर बेतलेलं. ते तेवढं थांबवलं त्यांनी, "तांत्रिक कारण" म्हणून. त्याबद्दल मला आभार मानावे लागले.
निघताना म्हणाले, "आपका रिन्यूअल भी मार्च में है ना?" धमकी नव्हती. काळजीच्या सुरात म्हणाले.

प्रोजेक्टवरची माणसं आम्ही. मार्चअखेर पत्र आलं तर नोकरी, नाही आलं तर नाही.

९ फेब्रु.
संजयला सांगितलं, शेवटी. तो भुसावळचा, रेल्वेचा माणूस, त्याचं सगळं सरळ असतं. म्हणाला, आमच्याकडे सिग्नल चुकला तर ज्याने चुकवला त्याचंच नाव लागतं, दुसऱ्याचं लावलं तर तो वेगळा गुन्हा. मग माझं तोंड बघून म्हणाला, "पण घाई करू नकोस. मार्च जाऊ दे."
तोही घाबरला. त्याला दोष नाही देत. ईराची कोचिंगची ॲडमिशन आहे.

ईरा गणितं सोडवत होती, वर न बघता म्हणाली, "तो दयाराम अंकल को बता दो ना। इसमें इतना क्या सोचना।"
पंधरा वर्षांची आहे. पंधराव्या वर्षी मीही अशीच होते, वाटतं. मग कधी बदलले ते काही आठवत नाही.

१६ फेब्रु.
गेले द. जींकडे. एकटी. पहिल्या बसने.

ओसरीत खाट टाकली. मागे भिंतीवर आलेख, कोपरे सुटलेत पण आहे. मी सगळं सांगितलं. लगदा, पातळ, फोन, बस. सांगताना रडू नये असं ठरवलं होतं, ते जमलं. मग म्हटलं, आपने तीन ही पानी दिए थे, मुझे पता था, उस दिन मैं चुप रही.

त्यांनी डबी काढली. तंबाखू मळली. मग:
"हमें मालूम है तीन दिए थे। हमने दिए थे, हमें नहीं मालूम होगा?"
"तो आपने क्यों कहा कि—"
"आपका मुँह देखा था उस दिन।" थांबले. "और सच कहें तो ख़ाली उसके लाने नहीं।"

म्हणजे नुसतं माझ्यासाठी नव्हे. मग जे म्हणाले ते जसं आठवतं तसं. गावात त्यांनी पाच जणांना सांगितलंय की कॉम्प्युटरचं ऐका. आज गाव म्हणतं, दयाराम से चूक हो गई. चूक कोणाकडूनही होते. उद्या मी येऊन सांगितलं की कॉम्प्युटरच चुकला होता, तर गाव म्हणेल, दयाराम पढ़ी-लिखी मैडम के पीछे उल्लू बन गया. "चूक वाला आदमी पंचायत में बैठ सकता है, मैडम जी। उल्लू नहीं बैठ सकता।"

"हाथ जोड़ते हैं, मत कहना।" आणि खरोखर जोडले. मी त्यांचे हात धरून खाली केले. हात जोडायचे होते ते मी.

परतीच्या बसमध्ये लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही. म्हटलं, त्यांनीच नको म्हटलंय ना, झालं तर मग.

२० फेब्रु.
नाही झालं.
हरगोविंदचा फोन. द. जींचा शेजारी, त्या पाचांतला एक, पस्तिशीचा, हुशार. म्हणे, "मैडम जी, हम पाँचों जायद की मूँग कर रहे हैं। होली के बाद बोनी। पानी उसी बोर का रहेगा। दयाराम दादा ने तो ज़्यादा दे दिया था, हम गिन के देंगे। आपके काग़ज़ में जितना लिखा है उतना ही।"

बोनी म्हणजे पेरणी, आणि काग़ज़ म्हणजे ऑक्टोबरचा माझा कागद. पत्रक थांबलं, पण भिंतीवरचा कागद कोण थांबवणार? त्याच रांगेत खाली मूगही आहे, हिरव्या खुणेसकट. मटाराला निदान कालव्याचं एक पाणी मिळालं होतं, थंडी होती. मूग उन्हाळ्यात, सगळाच बोरवर, जितकं ऊन तितकं मीठ वर. मॉडेल लावायची गरज नाही, डोळे मिटून सांगते, वीतभर झाला की वाळेल. शिवाय माती खराब होईल ती वेगळी.

म्हटलं, "अभी रुकिए।"
"काए?"
"लैब की रिपोर्ट आनी है।"
"हओ। होली तक आ जाएगी?"
म्हटलं, येईल.

एवढंही सरळ सांगता आलं नाही. लॅबचा रिपोर्ट माझ्या टेबलावर पडलाय तीन आठवडे. पुन्हा लखनलाल जींच्याच डोक्यावर खापर.

२७ फेब्रु.
पत्र लिहायला घेतलं, संस्थेला, प्रत गावाला. हिंदीत. "नमूनों की जाँच के दौरान त्रुटि पाई गई।" वाचलं तर त्यात मी कुठेच नाही. फाडलं. "तकनीकी स्तर पर विसंगति।" फाडलं. तिसरंही तसंच. सरकारी पत्राची भाषा हाताला इतकी बसली आहे की कबुली लिहायला बसावं आणि कागदावर कोणीच सापडू नये.
चौथ्यांदा लिहिलं, दोन ओळी. माझं नाव घालून. साहेबांना पाठवलं. उत्तर नाही.

३ मार्च
परवा लखनलाल जी म्हणाले, पुराने नमूने फेंके नहीं हैं, पेस्ट बना लें? दोघांनी मिळून सहा लगदे घोटले. मी स्वतः घोटले, मनगट अजून दुखतंय. ते म्हणाले, मॅडम, असं कोणी येऊन घोटत नाही आमच्यासोबत. मी घोटत राहिले. दीड दिवसाने आकडे: मी हिशेबाने बदलून घेतले होते त्याहूनही थोडे जास्तच.
साहेब समोरून गेले जिन्यात. नमस्ते केलं. पत्राचं नाव नाही.

६ मार्च
द. जींना फोन केला. म्हटलं, रविवारी येतेय, सगळ्यांना सांगणार आहे. तुम्ही हात जोडलेत ते खरं, पण पाच शेतं आहेत.
पलीकडे ट्रॅक्टर चालू होता.
"जैसी आपकी मर्ज़ी।"
"कॉपी निकाल के रखेंगे? तीन पानी वाली?"
"कौन-सी कॉपी?" म्हणाले, जणू ती वही कधी नव्हतीच, आणि फोन ठेवला.

९ मार्च
एका दमात लिहिते, नाहीतर राहील.

मंदिरामागच्या चबुतऱ्यावर बैठक. हरगोविंद आणि बाकीचे चौघं, शिवाय आणखी पंधरा-वीस, बायका भिंतीला धरून. द. जी पुढे बसलेले, धुतलेलं धोतर, टोपी. माझ्याकडे बघितलं नाही.

पाठ करून गेले होते. हमसे गलती हुई. मिट्टी का नमक हमने आधे से भी कम मान लिया. दयाराम जी ने तीन ही पानी दिए थे, जितने हमने कहे थे. फ़सल उनकी वजह से नहीं, मेरी वजह से गई. मूँग को यह पानी मत देना. एवढंच. बोलले सगळं.

सगळे द. जींकडे बघायला लागले.

ते उठले. सावकाश. म्हणाले, "मैडम जी कौ दिल बड़ो है। हमाई चूक अपने मूड़ पे लै रईं।" त्यांची चूक मी म्हणे माझ्या डोक्यावर घेतेय. आणि बसले.

एवढंच. पण चबुतऱ्यावरून कसली तरी हवा फिरली. माना हलल्या. भिंतीकडून एक म्हातारी म्हणाली, "ऐसी मोड़ी सबखों देवे भगवान।" मोड़ी म्हणजे लेक. मी म्हटलं, नाही, नाही, हे खरं आहे. फोनमध्ये रजिस्टरचा फोटो होता, पेन्सिलीच्या खुणेसकट, तो हरगोविंदच्या हातात दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला, देवाचा प्रसाद घ्यावा तसा, बघितला, पुढे दिला. फिरून माझ्याकडे आला. मी जितकं जोर देऊन सांगावं, तितकं त्यांना वाटावं, बघा, कशी म्हाताऱ्याला वाचवतेय. अहवालावर सही आहे ना माझी. मी सही करून सांगितलं ते खरं, आणि आज हात जोडून सांगतेय ती माया.

हरगोविंद म्हणाला, "आप चिंता नईं करो मैडम जी। हम चौथा पानी नईं देंगे।"

आणि टाळ्या वाजवल्या त्यांनी. माझ्यासाठी. आयुष्यात माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्याचं आठवत नाही, कॉलेजात एकदा सोडून. असं वाटलं की चबुतरा दुभंगावा.

द. जींनी मोठपर्यंत सोडलं, मोटरसायकलवर. मीच म्हटलं असतं नको, पण दुसरं वाहन नव्हतं. आता गाव ऐकलं तर त्यांचंच ऐकणार होतं. मला राग होता. त्यांचाही होताच, पाठीवरून कळत होता. स्टँडवर उतरले, पिशवी घेतली, निघाले, तर मागून:

"मैडम जी। मूँग सच में मर जाएगी?"
"हओ," म्हटलं. तोंडातून त्यांच्याच बोलीतला होकार निघाला.
"पाँचों की?"
"पाँचों की."
"और ज़मीन?"
"दो-तीन बरसात लगेंगी धुलने में. शायद ज़्यादा."

गाडीवर बसूनच होते. टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. म्हणाले, "हरगोविंद की छोटी वाली हमें दद्दा कहती है।" मग किक मारली. गाडी चालू झाली. मग त्यांनी ती बंद केली.

बस आली. खिडकीची जागा मिळाली म्हणून दिसले. गाडीवर तसेच बसलेले, दोन्ही पाय जमिनीवर. चढणाऱ्यांची गर्दी झाली, एका माणसाने सायकल टपावर चढवली, कंडक्टर मोजत फिरला. पंधरा मिनिटं तरी थांबली बस. सुटली तेव्हाही ते गावाकडे वळले नव्हते.